बेपत्तांचं विधेयक

१

सभापतींनी विधेयकाचं नाव पुकारलं आणि सवयीने उजवीकडे हात पुढे केला. त्या हातात फाइल ठेवायचं काम कारकून फाउस्तो रेबिंबासचं. हात तसाच अधांतरी राहिला.

फाउस्तो मेजावरचा ढीग दुसऱ्यांदा उलथापालथा करत होता. द्राक्षमळ्यांच्या कराची फाइल होती, दोन खेड्यांना नगराचा दर्जा देणाऱ्या फायली होत्या, पशुवैद्यांच्या नोंदणीची होती. समुद्रात बेपत्ता झालेल्या कोळ्यांच्या घरच्यांसाठी केलेल्या विधेयकाची फाइल मात्र नव्हती. त्याच्या कपाळावरचा घाम खालच्या कागदावर टपकला.

उन्हाळी सुट्टीपूर्वीची ही शेवटची बैठक. लिस्बन नुसतं भाजून निघत होतं. बाहेरच्या दालनात खासदारांच्या बॅगा भिंतीला लागून रांगेत उभ्या होत्या, आणि वर्षभर रेंगाळलेली कामं एका दुपारी उरकायची म्हणून मतदानामागून मतदान चाललं होतं. सरकारी बाजू उठे, बसे. विरोधक उठत, बसत. आणि यंदाची सुट्टी नेहमीची नव्हती. सुट्टी संपली की निवडणूक होती. जे आज मंजूर होणार नाही ते या सभागृहाबरोबरच मरणार होतं.

वरच्या गॅलरीत एका बाजूला नगर होऊ घातलेल्या खेड्यांची माणसं कोट-टाय घालून बसली होती. दुसऱ्या बाजूला उत्तरेच्या किनाऱ्यावरून बसने आलेल्या काळ्या कपड्यांतल्या बायका होत्या. त्यांच्या नवऱ्यांची बोट, सांता एउलालिया, सहा वर्षांपूर्वी हिवाळ्यात बाहेर पडली ती परतली नाही. फळ्या सापडल्या, माणसं सापडली नाहीत. आणि जो सापडत नाही त्याला दहा वर्षं मृत म्हणता येत नाही, असा कायदा. त्यामुळे या बायका ना सधवा, ना विधवा. निवृत्तिवेतन नाही, घर नावावर नाही, चर्चमध्ये मृतासाठीची प्रार्थनासुद्धा नाही. नवं विधेयक दहा वर्षांचं एक वर्ष करणार होतं.

सभापती खाली वाकले. सभागृहाच्या कामकाजाचा मुख्य सचिव बाल्ताझार केइरोगा त्यांच्या पायरीखालीच बसलेला असे.

"केइरोगा, हा काय प्रकार आहे?"

"शोधतो, साहेब."

सभापतींनी त्याला हलक्या आवाजात बजावलं की बाकीची मतदानं चालू राहतील, यादी संपली की अधिवेशन संपल्याचं जाहीर होईल, तोवर फाइल आली तर आली. नाही आली तर फाउस्तोने सोमवारपासून कामावर यायची गरज नाही.

विरोधी बाकांवरून कोणीतरी चोरी झाल्याचं ओरडलं, आणि सगळ्यांच्या माना सरकारी बाकांकडे वळल्या.

२

केइरोगा साठी ओलांडलेला, उंच आणि वाकलेला माणूस होता. तो आतल्या मुलखातला, जिथे कॉर्कची झाडं आणि तापलेली माती याखेरीज काही नाही. समुद्राची त्याला भीती वाटे. शेवटच्या बैठकीच्या दिवशी पाय सुजतात म्हणून तो एक माप मोठे बूट घालून येई. ते बूट फटफटवत तो दारावरच्या झेफेरिनोकडे गेला.

जेवणाच्या सुट्टीत सभागृह बंद असतं, आणि फायली मेजावर लावून झाल्यावरच फाउस्तो बाहेर पडला होता. मग आत कोण कोण गेलं? झेफेरिनोला आठवावं लागलं नाही. तिघं गेली होती, वेगवेगळ्या वेळी. सरकारचे संसदीय सचिव डॉक्टर गास्पार लेंकाश्त्र, विसरलेला काळा चष्मा आणायला. खुद्द फाउस्तो, काही न सांगता. आणि खासदार ओतिलिया सारिको.

"ओतिलियाबाई कशाला?"

"प्रार्थनेला, म्हणाल्या. आज त्यांचाच दिवस ना, साहेब. मी नाही कसं म्हणू?"

तेही खरंच होतं. हे विधेयक ओतिलियाबाईंचं. त्या त्याच किनाऱ्यावरच्या शाळेत शिकवायच्या, आणि त्या बोटीवर त्यांचा एकुलता एक मुलगा दुआर्ते होता. या एका कायद्यासाठी त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या होत्या. चार वर्षं त्या केइरोगाच्या खोलीत येऊन एकेका स्वल्पविरामासाठी त्याच्याशी भांडल्या होत्या. त्यांचं नाव केइरोगाने मनातल्या मनात पुसून टाकलं. उरले दोघं.

३

फाउस्तो फायलींच्या खोलीत स्टुलावर बसला होता. केइरोगाने त्याला सरळ विचारलं की जेवणाच्या वेळी तू आत काय करत होतास. फाउस्तोने दाराकडे पाहून घेतलं. मग त्याच्या तोंडून निघालं की बाहेर जीव उकडत होता, म्हणून तो शेवटच्या बाकाखाली बसून सार्डिन भरलेला पाव खात होता. सभागृहात खाणं म्हणजे नोकरीवर गदा, म्हणून झेफेरिनोला काही बोलला नाही.

केइरोगा जाऊन वाकून पाहून आला. बाकाखाली पावाचा चुरा होता, आणि वासही होता.

"तुझी बायको-मुलं स्टेशनवर बसलीयत ना?"

"हो, साहेब. पण म्हणून मी फाइल कशाला लपवीन? उलट काम लवकर उरकलं असतं."

मग त्याने आणखी एक सांगितलं. फाइल नाही हे कळताच तो धावत ओतिलियाबाईंच्या बाकापाशी गेला होता. कार्बन प्रत कपाटात आहे, समितीचे सगळे सदस्य इथेच बसलेत, तुम्ही फक्त उठून मागणी करा, मी सह्या गोळा करतो, असं म्हणाला होता.

"मग?"

"म्हणाल्या, राहू दे फाउस्तो, उशीर झाला. एका शब्दाने रागावल्या नाहीत मला. दुसरं कोणी असतं तर भर सभेत माझी सालटी काढली असती."

केइरोगा मान हलवत बाहेर पडला. एवढं दुःख गिळून ही बाई एका कारकुनाची अब्रू सांभाळते. त्याने ठरवलं, चोराला सोडायचं नाही. आणि आता चोर म्हणून एकच माणूस उरला होता.

४

लेंकाश्त्र दालनात खिडकीपाशी उभा होता. इतक्या उकाड्यातही त्याच्या पांढऱ्या सुटाला सुरकुती नव्हती. केइरोगाला येताना पाहून त्याने दोन्ही हात वर केले.

"झडती घ्या, केइरोगा. फक्त इस्त्री मोडू नका."

केइरोगा हसला नाही. या विधेयकाने तिजोरीवर भार पडणार होता आणि लेंकाश्त्रने ते तीनदा पुढे ढकललं होतं, हे त्याने तोंडावर बोलून दाखवलं. लेंकाश्त्रने ते नाकारलं नाही. पण याच आठवड्यात तडजोड झाली होती. पैसे पुढच्या वर्षापासून द्यायचे, आणि सरकारने बाजूने मत द्यायचं. निवडणुकीच्या तोंडावर काळ्या कपड्यांतल्या बायकांना नाही म्हणायला पंतप्रधान काही वेडे नव्हते.

"आणि मला कायदा मारायचाच असता," तो चष्मा पुसत म्हणाला, "तर मी फाइल चोरली असती का? फाइल गेल्याने विधेयक मरतं का? मांडणारा सदस्य उठतो, प्रत मागतो, सह्या होतात, अर्ध्या तासात फाइल पुन्हा उभी. हा नियम तर तुम्हीच शिकवलात मला, मी इथे नवा असताना. चोरी साधायची तर मांडणाऱ्याने गप्प बसायला हवं. ते मी कसं साधणार? बाई आणि गप्प? त्या माझ्या स्वप्नातही येऊन भांडतात, केइरोगा."

तो आपल्याच विनोदावर हसला आणि आत मतदानाला गेला. केइरोगा होता तिथेच उभा राहिला. आतून पशुवैद्यांचा कायदा मंजूर झाल्याचं ऐकू आलं.

चोरी साधायची तर मांडणाऱ्याने गप्प बसायला हवं. ओतिलियाबाई गप्प बसतील अशी खात्री या इमारतीत कोणाला देता आली असती?

त्याने स्वतःलाच दिलेलं उत्तर त्याला नको होतं. आणि ते नको असतानाच त्याला सकाळचं त्यांचं भाषण आठवलं. सांता एउलालियावरच्या माणसांची नावं त्यांनी एकेक करून घेतली होती. प्रत्येक नावाला गॅलरीतली एक बाई मान खाली घालत होती. शेवटी एक तरुण बाई मान ताठ ठेवून तशीच बसली होती, वाट पाहत. तिच्या माणसाचं नाव आलंच नव्हतं.

५

गॅलरीच्या जिन्यावर त्याने त्या तरुण बाईला बाहेर बोलावून घेतलं. तिचं नाव देओलिंदा. ओतिलियाबाईंची सून. हातांना माशांच्या कारखान्यातल्या मिठाने चिरा पडल्या होत्या.

केइरोगाने सकाळच्या भाषणाबद्दल विचारलं. बाईंनी स्वतःच्या मुलाचं नाव का घेतलं नसेल? संकोच?

"संकोच कसला," देओलिंदा म्हणाली. "आई त्याचं नाव गेलेल्यांत घेतच नाहीत. दुसऱ्यांच्या घरी जाऊन सांगतात, बाई गं, तुझा नवरा गेला, स्वतःला सावर. आणि घरी आल्या की दुआर्तेसाठी स्वेटर विणायला बसतात. दर वर्षी एक. घेर थोडा वाढवून. म्हणतात, तिशीत माणूस सुटतो."

केइरोगा जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला.

तिने मग न विचारता बाकीचं सांगितलं, जणू अनोळखी माणूस भेटायचीच ती वाट पाहत होती. आमादेऊ नावाचा एक फरश्या बसवणारा आहे. दोन वर्षं थांबला आहे. तिला चर्चमध्येच लग्न करायचं आहे, आणि पाद्री म्हणतात की आधीचा नवरा कागदावर जिवंत असताना ते जमायचं नाही. आज कायदा झाला की परतीच्या बसमध्ये ती सासूला सांगणार होती.

"आता फाइलच हरवली म्हणतात. मला वाईट वाटायला हवं ना, साहेब? पण मघाशी ते ऐकलं तेव्हा आधी मला हायसं वाटलं. मग स्वतःची लाज वाटली. मी सोडून दिलं तर त्याला कोण उरलं?"

"तुम्हाला ठाऊक आहे का फाइल कुठे आहे?"

देओलिंदाने त्याच्याकडे पाहिलं. मग नजर खाली केली.

"माझ्या सासूने आजवर दुसऱ्याची सुईसुद्धा उचललेली नाही," ती म्हणाली. फाइलच्या बाबतीत त्याने सासूचं नाव काढलंच नव्हतं.

६

सभागृहाबाहेरच्या मोठ्या दालनाला तिथे हरवलेल्या पावलांचं दालन म्हणतात. ओतिलियाबाई त्याच्या टोकाच्या बाकावर बसल्या होत्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, मांडीवर शिक्षिकेची जुनी चामडी बॅग. तिच्यावर दोन्ही हात घट्ट, आगगाडीत सामान सांभाळावं तसे.

केइरोगा शेजारी बसला. त्याने बॅगेकडे पाहिलं नाही.

"तुम्ही उठला नाहीत, बाई."

त्यांनी बॅग आणखी जवळ ओढली.

"चार वर्षं माझं डोकं खाल्लंत. आणि आज नुसतं उठायचं होतं."

"पाय उचलेनात," त्या म्हणाल्या.

मग त्याने त्यांना फाउस्तोचं सांगितलं. सोमवारपासून त्याची नोकरी जाणार, सभापती बोलून गेलेत. ओतिलियाबाईंनी चमकून वर पाहिलं. हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी बॅगेचा बंद उघडला. हिरव्या फितीने बांधलेली फाइल आत होती, वर एक रुमाल टाकलेला.

"मी चोरायला गेले नव्हते, बाल्ताझार. हात लावायला गेले होते. एकदा वाचावी म्हणून. चौथ्या कलमात आहे ना, सदर इसम मृत समजण्यात येईल. माझंच वाक्य. तुला आठवतं, 'समजला जाईल' की 'समजण्यात येईल' यावर आपण किती भांडलो? चांगलं वाक्य आहे. कुठे बोट ठेवायला जागा नाही. ते वाचलं, आणि माझ्या लक्षात आलं की आज दुपारी मी त्याला बुडवणार आहे. समुद्राने बुडवला हे कोणी पाहिलेलं नाही. मी बुडवलेला सगळे बघतील. उठून उभे राहतील."

आतून शेवटच्या मतदानाची घंटा झाली. बॅगांच्या रांगेतून वाट काढत खासदार आत जाऊ लागले.

"आमादेऊ चांगला मुलगा आहे," त्या एकदम म्हणाल्या. "देओलिंदाला वाटतं मला माहीत नाही. अरे, तिच्यासाठीच तर लिहिला हा कायदा. तिला मोकळं करायचं, बाकीच्या सगळ्या बायकांना मोकळं करायचं. माझं काय, याचा विचार मी केलाच नव्हता. शेवटच्या दिवसापर्यंत केला नव्हता."

"माझ्याकडे द्या," केइरोगा म्हणाला. "मी मेजावर ठेवतो. कपाटामागे पडली होती म्हणेन. कोणी विचारणार नाही. सगळ्यांना गाड्या गाठायच्यात."

त्यांनी फाइल बाहेर काढली, पण त्याच्या हातात दिली नाही.

"आणि मी दिली नाही तर?"

"तर मला सापडली नाही. पण फाउस्तोला मी वाचवू शकणार नाही."

"तुझा मुलगा असता तर?"

"मला माहीत नाही, बाई. खरंच माहीत नाही."

त्या उठल्या. त्याने हात पुढे केला तो त्यांनी धरला नाही. फाइल छातीशी धरून, एकेक पाऊल टाकत त्या सभागृहाच्या दाराकडे निघाल्या. झेफेरिनोने दार उघडून धरलं.

७

त्या मधल्या वाटेने सरळ मेजापर्यंत गेल्या आणि फाइल फाउस्तोसमोर ठेवली. सभापतींनी चष्म्यावरून पाहिलं.

"फाइल माझ्याकडे होती," ओतिलियाबाई म्हणाल्या. "मीच घेतली होती. या मुलाचा काही दोष नाही."

सभागृहात हसू फुटलं. प्रेमळ हसू. मास्तरीणबाईच वही घरी विसरल्या, असं कोणीतरी म्हणालं. त्यांनी कबुली दिली होती आणि सगळ्यांनी तिला विसराळूपणा समजून माफ करून टाकलं होतं. सभापतीही हसले. फाउस्तोने फाइल उचलून त्यांच्या हातात दिली.

विधेयक मतदानाला टाकलं गेलं. बाजूने असतील त्यांनी उभं राहावं. सरकारी बाजू उठली. विरोधक उठले. लेंकाश्त्र त्याच्या पांढऱ्या सुटात उठला. केइरोगाची नजर एकाच बाकावर होती. ओतिलियाबाई बसलेल्याच होत्या. त्यांनी पुढच्या बाकाची कड धरली, एकदा जोर केला, पुन्हा बसल्या. सभापतींनी घाई केली नाही. मग त्या उठल्या, सगळ्यांच्या शेवटी, आणि उभ्या राहिल्या.

एकमताने मंजूर.

टाळ्या वाजल्या. वरच्या काळ्या कपड्यांतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी क्रूसाची खूण केली. सभापतींनी अधिवेशन संपल्याचं जाहीर केलं, सर्वांना उन्हाळ्याच्या शुभेच्छा दिल्या, आणि शाळा सुटावी तसा गलका झाला.

दालनात ओतिलियाबाईंभोवती रांग लागली. प्रत्येक जण दोन्ही गालांचा मुका घेई, अभिनंदन करी, चार वर्षांच्या चिकाटीचं चीज झालं म्हणे, आणि सुट्टीला कुठे जाणार ते विचारी. त्या प्रत्येकाचे आभार मानत होत्या. चेहरा शाळेतल्या बक्षीस समारंभाला असावा तसा, हसरा आणि ताठ. केइरोगा रांगेच्या शेवटी उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा मागे कोणी नव्हतं.

त्याने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"फार वाईट झालं, बाई," तो म्हणाला. "दुआर्तेचं ऐकून फार वाईट वाटलं."

सहा वर्षांत हे वाक्य त्यांना कोणी म्हणालं नव्हतं. त्यांनी कोणाला म्हणू दिलं नव्हतं. त्यांचा चेहरा आधी तसाच राहिला, मग तोंडापासून ढासळत गेला.

जिन्यावरून देओलिंदा खाली येत होती. तिने सासूकडे पाहिलं आणि उरलेल्या पायऱ्या ती धावतच उतरली. ओतिलियाबाईंनी तिला पोटाशी धरलं, आणि दोघी त्यांच्या किनाऱ्यावर रडतात तशा रडू लागल्या, मोठ्याने, नाव घेऊन, कोण बघतंय याची पर्वा न करता. उंच छताखाली तो आवाज घुमला. बाकीच्या बायका येऊन त्यांच्याभोवती उभ्या राहिल्या.

बॅगा घेऊन निघालेले खासदार जागच्या जागी थबकले. कायदा तर मंजूर झाला होता, तोही एकमताने. एका तरुण खासदाराने केइरोगाच्या कोपराला हात लावून हळूच विचारलं की या बाईंना झालं तरी काय.

"त्यांचा मुलगा वारला," केइरोगा म्हणाला.

"अरेरे. कधी?"

"आत्ताच."

तरुणाने बॅग खाली ठेवली.